पिवळ्या झेंड्यावरचं कुंकू

आमचे सर महिन्यातल्या एका रविवारी झेंडे धुवायचे.

बादलीत कोमट पाणी, त्यात रिठे चोळलेले. साबण वर्ज्य. साबणाने इतिहासाचा रंग उडतो, असं त्यांचं मत होतं. झेंडा पिळायचा नाही, नुसता दाबायचा, आणि बाल्कनीतल्या दोरीवर चिमटे लावून वाळत घालायचा. एक पांढरा, मधोमध हिरवं पाइनचं झाड. एक निळ्या चौकोनात रिंगण धरून उभ्या असलेल्या तेरा ताऱ्यांचा. आणि तिसरा, त्यांचा सर्वांत लाडका, हळदीसारखा पिवळा. त्यावर वेटोळं घालून मान उचललेला साप, आणि खाली इंग्रजीत एक ओळ: माझ्यावर पाय देऊ नका.

तिन्ही झेंडे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातले. म्हणजे त्यांच्या नकला. सरांची मुलगी न्यू जर्सीला असते, तिला त्यांनी बजावून ठेवलं होतं की येताना बदाम, अत्तर, चॉकलेट काही आणायचं नाही, झेंडे आणायचे. बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या सोसायटीत ज्यांची मुलं परदेशी होती, त्यांच्या घरी कॉफीची मशिनं आली. सरांच्या घरी क्रांती आली, तीसुद्धा घडी घालून.

पहिल्यांदा हे झेंडे दोरीवर दिसले तेव्हा आमचे सेक्रेटरी जिग्नेशभाई खालूनच ओरडले, "सर, झंडा फडकाने के लिए सोसायटी की परमिशन लगती है!"

"फडकवतोय कुठे? वाळत घातलाय," सर वरून म्हणाले.

"पण इलेक्शन तो है नहीं. ये कौनसी पार्टी है?"

"अडीचशे वर्षांपूर्वीची आहे. वर्गणी मागायला येणार नाही."

यावर जिग्नेशभाईंचं तत्काळ समाधान झालं. केबिन रोडवर त्यांचं कापडाचं दुकान आहे. वर्गणी न मागणाऱ्या पक्षाबद्दल त्यांना मनापासून आदर आहे.

तारोडीहून मासळी घेऊन येणाऱ्या मावशींचं मात्र समाधान झालं नाही. त्या जिन्याखालीच थांबल्या. "ओ मास्तर, ह्यो साप घरात पाळलेला हाय काय? मग मी वर न्हाय येत!" त्यानंतर धुण्याच्या रविवारी सरांना बोंबील घ्यायला स्वतः खाली उतरावं लागे. पण झेंडा धुण्याचा दिवस त्यांनी बदलला नाही.

ते मला नववीत इतिहास शिकवायचे, भाईंदर पूर्वेच्या मराठी शाळेत. पुस्तकात अमेरिकेच्या क्रांतीला जितकी पानं, तितके आठवडे सर घ्यायचे. परीक्षेआधी मराठ्यांचा इतिहास घाईघाईत उरकायचा आणि पालक तक्रार करायचे. मुख्याध्यापिका विचारायच्या, "सर, तुम्हाला अमेरिकेचं एवढं काय पडलंय?" सर शांतपणे सांगायचे, "बाई, ज्या कंपनीने आपल्याला लुटलं, तिचाच चहा त्यांनी समुद्रात फेकला. एकाच सावकाराने नाडलेली दोन घरं म्हणजे नातेवाईकच."

हे नातं आमच्या मनावर ठसावं म्हणून त्यांनी एकदा वर्गाला भाईंदरच्या धक्क्यावर नेलं. तो चहा बुडवण्याचा प्रसंग आम्ही खाडीत करून दाखवायचा होता. नवा चहा नासवणं त्यांना पटेना, म्हणून प्रत्येकाने घरून चहाचा चोथा साठवून आणायचा असं ठरलं. आम्ही इमानाने आणला. आठवडाभराचा, डब्यात बंद केलेला, दूध, आलं आणि वेलदोड्यासकट. धक्क्यावर झाकणं उघडली आणि क्रांतीचा असा काही वास सुटला की मच्छीमारांनीच नाकाला फडकी लावली. दोन मुलं डब्यांआधी स्वतःच ओकून रिकामी झाली. सर बाजूला उभे राहून खिन्नपणे म्हणाले, "बॉस्टनच्या चहात आलं नव्हतं." मग सगळा चोथा परत शाळेत आणून गुलाबांना घातला. त्या वर्षी गुलाब फार चांगले आले, आणि मुख्याध्यापिकांनी क्रांतीला माफ केलं.

मी त्यांची आवडती विद्यार्थिनी होते असं नाही. मी त्यांची भांडखोर विद्यार्थिनी होते. माझे बाबा भाईंदरच्या एका स्टीलच्या कारखान्यात कामाला आणि युनियनमध्ये. आमच्या घरी पुस्तकं कमी आणि पत्रकं भरपूर होती. पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी पाढे लिहिले, आणि पाढे संपले की पुढची बाजू वाचली. त्यामुळे 'कामगारांनो' या शब्दाने सुरू न होणारं वाक्य मला बराच काळ अपुरं वाटायचं. सर मला नावाने हाक मारत नसत. "काय गं पत्रकवाली," म्हणायचे, "आज कुणाचा धिक्कार?"

झेंड्यांबद्दल त्यांची कडक शिस्त होती. कुठलाही मोर्चा रस्त्याने जाताना दिसला की ते गाठायचे शेवटच्या माणसाला, आणि विचारायचे, "तुमच्या हातातल्या झेंड्याचा अर्थ काय?" पुढाऱ्यांना कधीच विचारायचे नाहीत. "पुढच्याला अर्थ पाठ असतो. मागच्याला ठाऊक असला तर मोर्चा खरा." बहुतेकांना ठाऊक नसायचा. एकाने सांगितलं, "साहेब, काठी धरायचे पैसे देतात, अर्थाचे वेगळे होतील." हे वाक्य सर कित्येक दिवस ज्याला त्याला सांगत होते. त्यांचं स्वतःचं एक वाक्य होतं: "झेंड्याला तोंड नसतं, म्हणून जो तो त्याच्या वतीने बोलतो."

काही वर्षांपूर्वी एका जानेवारीत अमेरिकेतली एक गर्दी निवडणुकीचा निकाल मान्य नाही म्हणून तिथल्या संसदेत काचा फोडून घुसली. आम्ही सकाळी टीव्हीवर पाहिलं. त्या गर्दीत पिवळा साप होता. पाइनचं झाडही होतं. मी धावत सरांकडे गेले, तर दार उघडं, टीव्ही चालू, आणि सर मोरीत. रविवार नव्हता. तरी बादली भरली होती आणि ते पिवळा झेंडा धूत होते, या वेळी साबणाने.

"सर, तो इथेच होता. तो कुठे गेला होता मळायला?" मी म्हणाले.

"मळला," ते म्हणाले. "इथे असूनच मळला."

झेंडा वाळल्यावर त्यांनी तिन्हींची घडी घातली, डांबराच्या गोळ्या टाकून ट्रंकेत ठेवले. मला तर बरंच वाटलं. मी ऐकवलंही: "नाहीतरी सर, 'आम्हाला तुडवू नका' म्हणणाऱ्या त्या लोकांपैकी कितीतरी जणांनी माणसं विकत घेतली होती, कामाला जुंपली होती. कुणाच्या पायाखाली कोण होतं?"

"ते मी तुला नववीतच शिकवलंय," सर म्हणाले. "पण वाक्य लिहिणाऱ्यापेक्षा मोठं निघतं कधी कधी. मग ते वाक्य ज्यांना तुडवलं त्यांनी उचलायचं असतं. आता उचललंय भलत्यांनी. जा, दार ओढून घे."

पुढे बरेच महिने दोरीवर नुसते लेंगे आणि टॉवेल दिसायचे. मासळीवाल्या मावशी निर्धास्त वर येऊ लागल्या. पण त्याही एकदा म्हणाल्या, "मास्तर, साप गेल्यापास्न घर गप हाय तुमचं."

आमच्या इमारतींच्या मागे एक मैदान आहे. मोठं नाही, पण आमच्या भागात पाय मोकळे करायला तेवढंच. तिथे मुली खो-खो खेळतात, रत्नागिरी-रायगडची मंडळी शिमगा करतात, गुजराती मंडळी गरबा खेळतात, रमझानमध्ये पोरांची क्रिकेटची टूर्नामेंट होते. शहराच्या आराखड्यात ते खेळाचं मैदान म्हणूनच आहे. एका सकाळी उठलो तर त्याच्या चारही बाजूंनी निळे पत्रे. आत कुणीतरी ठेकेदार तीन मजल्यांचं पार्किंग उभारणार होता, आणि कागद विचारला की, "ऊपर से ऑर्डर है," एवढंच सांगत होता.

मी अर्थातच पत्रक लिहिलं. 'नागरिकांनो' अशी सुरुवात केली. बाबांना जरा वाईट वाटलं. सह्या झाल्या, अर्ज दिला, आणि प्रभाग कार्यालयातून उत्तर आलं की अमुक दिवशी अधिकारी जागेची पाहणी करतील. तोवर पत्र्यांपुढे बसायचं ठरलं. बैठक सरांच्या हॉलमध्ये भरली आणि पहिल्या दहा मिनिटांत फुटायला आली, कारण प्रत्येकाला आपापला झेंडा पुढे हवा होता. एका विंगचा एक पक्ष, दुसऱ्या विंगचा दुसरा. जिग्नेशभाई म्हणाले, "बिना झंडे के बैठते हैं ना!" तर त्यावर, "बिनझेंड्याचे लोक रेशनच्या रांगेत थांबलेत असं वाटतं," असं कुणीतरी म्हणालं, आणि ते खोटं नव्हतं.

तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या सुलोचना वहिनी बोलल्या. त्या मूळच्या राजापूरकडच्या, पोळीभाजीचे डबे करतात, आणि बैठकीतही मेथी निवडत बसल्या होत्या. "सर, तुमचा तो नागोबाचा झेंडा द्या ना. तो कुठल्याच पार्टीचा नाही."

"तो नागोबा नाही!" सर ताडकन म्हणाले. "आणि तो झेंडा आता बाहेर काढायचा नाही. चुकीच्या लोकांनी वापरलाय."

वहिनींनी मेथीची काडी मोडली. "आपली काठी चोरून कुणी दुसऱ्याला मारलं, तर आपण पुन्हा काठीच धरायची नाही का सर? मग कुत्रं आलं तर?"

सर उठून आतल्या खोलीत गेले. दुसऱ्या दिवशी मात्र ट्रंक उघडल्याचा डांबराचा वास जिनाभर पसरला होता. इस्त्री केलेला पिवळा झेंडा पडद्याच्या दांड्याला बांधून, दांड्याच्या टोकाच्या सोनेरी गोळ्यासकट, सर दारात उभे होते. त्यांच्या दोन अटी होत्या. पहिली, झेंड्यामागे बसणाऱ्या प्रत्येकाने त्याचा अर्थ ऐकून घ्यायचा. दुसरी, झेंड्याची पूजा करायची नाही. "हा झेंडा आहे, देव नाही. कळलं, सुलोचनाबाई?"

"बरं," वहिनी म्हणाल्या.

पहिली अट जिन्यात पार पडली. सर मधल्या पायरीवर उभे, खाली-वर सगळी सोसायटी. तासभर बोलले. तेरा वसाहती, चहा, कर, दूरचा राजा. "या सापाच्या शेपटीला खुळखुळा असतो. हा आधी चावत नाही. आधी वाजवतो. सांगतो, मी इथे आहे, बघून चाल. तरीही पाय दिलात, तर मग चावतो." मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हिची पत्रकं म्हणजे तो खुळखुळा." आयुष्यात माझ्या लिखाणाचं एवढं कौतुक कुणी केलेलं नाही.

"आणि ते खाली काय लिहिलंय?" वहिनींनी विचारलं.

इथे सर अडखळले. त्या ओळीचा मराठी तर्जुमा ते कित्येक वर्षं घासत होते. 'मला तुडवू नका' त्यांना रडवं वाटायचं, 'माझ्यावर पाय ठेवू नका' पायपुसण्यावर लिहिल्यासारखं. त्यांनी दोन्ही सांगून पाहिले.

"एवढं कशाला?" वहिनी म्हणाल्या. "शेपटीवर पाय देऊ नका. झालं."

सर हळूच पायरीवर बसले. संध्याकाळी झेंड्याखाली लाल कापडाची पट्टी शिवलेली होती, आणि तीवर वहिनींच्या हातची अक्षरं होती: शेपटीवर पाय देऊ नका.

पाहणीच्या आदल्या दिवशी ठेकेदाराने डाव टाकला. सकाळीच जेसीबी आणला. अधिकारी येण्याआधी चार मोठे खड्डे पडले की काम चालू झालं असं दाखवायला तो मोकळा, आणि एकदा चालू झालेलं काम आपल्याकडे कोण थांबवतं? आम्ही धावलो. पुरुष बरेचसे कामावर गेलेले. बायका, म्हातारे, मी, आणि दुकान उशिरा उघडायचं ठरवलेले जिग्नेशभाई. पत्र्याच्या फटीतून आत शिरून झेंडा नेमका जेसीबीच्या दातांसमोर रोवला. आणि मग माझं लक्ष गेलं. सापाच्या फण्यावर हळदकुंकू होतं. खाली पानावर लाह्या, वाटीत दूध.

तो नागपंचमीचा दिवस होता.

"वहिनी!" सर कळवळून म्हणाले. "आपलं काय ठरलं होतं?"

"अहो, माझ्या हाताला सवय आहे. आजच्या दिवशी नाग दिसला की कुंकू लागतंच," वहिनी म्हणाल्या, आणि पदराने घाम पुसला.

जेसीबी सुरू झाला. यंत्राचा हात वर गेला आणि तसाच थांबला. चालक उत्तर प्रदेशातला, कोवळा मुलगाच म्हणायचा. तो खाली वाकून बघायला लागला. नागपंचमीला आपल्याकडे जमीन खणत नाहीत, नांगर धरत नाहीत, घरात चिरणं-कापणंसुद्धा नाही. त्याच्याकडेही तसंच असावं.

"अरे मशीन चला ना!" ठेकेदाराचा मुकादम ओरडला. "यहाँ गाँव है क्या?"

चालकाने त्याच्याकडे पाहिलं नाही. गर्दीत सगळ्यांत म्हाताऱ्या, चष्मेवाल्या माणसाकडे, म्हणजे सरांकडे पाहून त्याने विचारलं, "बाबूजी, ये नाग देवता हैं?"

वहिनींनी माझा हात घट्ट धरला. कारण आम्हा सगळ्यांना सर माहीत होते. रस्त्यात अनोळखी मोर्चेकऱ्याला थांबवून झेंड्याचा अर्थ विचारणारा हा माणूस, चुकीचा अर्थ समोरून जाऊ देणं त्याच्या रक्तातच नव्हतं. 'नाही बाळा, हा उत्तर अमेरिकेतला साप आहे' असं ते म्हणणार, आणि खड्डे पडणार. आणि माझी तरी काय गत होती? माझ्यातली पत्रकवाली आतून ओरडत होती की मैदान हक्काने मिळवायचं असतं, लाह्या वाहून नाही. आणि माझे पाय त्या जमिनीवर उभे राहून म्हणत होते, सर, आज एक दिवस खोटं बोला.

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. त्यांचं हिंदी फार वाईट होतं.

"ये उन लोगों का नाग है," ते एकेक शब्द जोडत म्हणाले, "जिनके पाँव के नीचे से कोई जमीन खींचता है. बहुत पुराना है. पहले काटता नहीं. पहले आवाज करता है."

चालकाने फण्यावरच्या कुंकवाकडे पुन्हा पाहिलं. मग म्हणाला, "हाँ. वही." त्याने चावी फिरवली. यंत्र बंद झालं. खाली उतरून त्याने चपला काढल्या आणि झेंड्याला हात जोडले. मुकादम आरडाओरडा करत राहिला. चालक पलीकडे जाऊन तंबाखू मळत बसला. "आज मशीन नहीं चलेगी. कल की कल."

सरांकडे बघून मी म्हणाले, "सर, तुम्ही खोटं बोलला नाहीत."

"एक अक्षर नाही," ते म्हणाले, आणि नववीतल्या मुलासारखे लालेलाल झाले.

तेवढ्यात जिग्नेशभाई पुढे आले. "आपको मालूम है? हमारी गुजराती नागपंचमी पंधरा दिवसांनी येते. जरूरत पडी तो फिर से रोकेंगे!"

गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी अधिकारी आले, त्यांना न खणलेली जमीन दिसली, आमचे आराखड्याचे कागद दिसले, आणि काम थांबवण्याचा आदेश निघाला. प्रकरण अजून पुरतं मिटलेलं नाही. अशी प्रकरणं मिटत नाहीत, ती दमतात. पण पत्रे निघाले आणि त्याच संध्याकाळी मुलींनी खो-खोचे खांब पुन्हा रोवले.

झेंडे धुण्याचा रविवार आला. मी मुद्दाम बाल्कनीकडे बघत राहिले. पाइनचं झाड दोरीवर आलं. तेरा तारे आले. पिवळा झेंडा आला नाही. वर जाऊन पाहिलं तर तो हॉलमध्ये खुर्चीच्या पाठीवर पसरलेला होता, न धुतलेला, फण्यावर कुंकवाचा डाग तसाच.

"रिठ्याने निघेल की," मी म्हणाले.

"निघेल ना," सर म्हणाले, आणि चहा टाकायला आत गेले. आलं घालून.

गेल्या वर्षी मुलगी त्यांना न्यू जर्सीला घेऊन गेली. जाताना पाइन आणि तारे त्यांनी बॅगेत घातले, साप वहिनींकडे ठेवला. मैदान आमचं आहे तोवर साप इथला, असं म्हणाले. यंदाच्या नागपंचमीला वहिनींनी तो मैदानात लावला आणि मी त्याचा फोटो सरांना पाठवला. दोन दिवसांनी फोन आला. आवाज एकदम वर्गातला.

"काय गं पत्रकवाली! अगं, इथे समोरच्या घरावर आपला झेंडा लावलाय. पिवळा, साप, सगळं तेच. रोज दिसतो."

"मग, सर? तुम्ही काही बोलला नाहीत ना त्यांच्याशी?"

"बोललो. घरमालकाला अर्थ विचारला. तासभर सांगत होता. काही पटलं, बरंचसं नाही. मग मी त्याचा झेंडा नीट पाहिला. कोरा आहे गं. तू पाठवलेला फोटो दाखवला त्याला. म्हटलं, आमच्याकडे याला कुंकू लावल्याशिवाय पुरा धरत नाहीत."

"मग?"

"उद्या सकाळी ये म्हणालाय. मुलीच्या देवघरात कुंकवाचा करंडा आहे, तो घेऊन जातोय."